पुडीत बांधलेला दोष

दुरुस्ती करणाऱ्याच्या अंगी कौशल्य असावे हे सारेच मान्य करतात. त्याच्या अंगी संकोचही असावा, हे फारसे कुणाला सुचत नाही. बिघडलेली वस्तू ज्याच्या हाती विश्वासाने सोपवली जाते, तो तिच्या अंतरंगात शिरतो. त्यातले काय राखायचे आणि काय काढून टाकायचे, याचा निवाडा तो क्षणार्धात करून मोकळा होतो. हा निवाडा वस्तूच्या हिताचा असतो. ती वस्तू ज्याच्या घरात नांदते, त्याच्या हिताचा असेलच असे नाही. झिजलेली स्प्रिंग, जळकी तार, चुरगळलेली फीत हा कारागिराच्या लेखी कचरा. परंतु कचरा हा शब्द उच्चारण्यापूर्वी क्षणभर थबकणे, दुसऱ्याच्या घरातून आलेल्या धुळीवरही आपला अधिकार नाही असे मानणे, ही वृत्ती दुर्मीळ आहे. ती ज्यांच्या ठायी जन्मभर वसली, आणि फार महाग पडून वसली, अशा एका साध्या माणसाची ही हकीकत.

त्यांना सगळे पुडीवाले म्हणत. खरे नाव दुकानाच्या पाटीवर होते. पण पाटीचा रंग उडाल्यावर ते पुन्हा रंगवून घ्यावे असे कुणाला वाटले नाही, त्यांना स्वतःलाही नाही. वळणावरच्या इमारतीत, जिन्याखाली, दोन माणसे उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबावे एवढीच ती जागा. पंखे, रेडिओ, टेपरेकॉर्डर, जुने टीव्ही, आणि ज्यांचे सुटे भाग आता कुठे बनत नाहीत अशी यंत्रे तिथे येत. काम झाले की पुडीवाले वस्तू गिऱ्हाइकापुढे ठेवत, चालवून दाखवत, आणि मग तिच्याशेजारी एक कागदी पुडी ठेवत. त्या वस्तूतून जे जे काढले ते सारे त्या पुडीत असे: जळालेला भाग, तुटका स्क्रू, वाळून कोळसा झालेले ग्रीस, कधी नुसतीच धूळ. वर पेन्सिलीने तारीख आणि एक शब्द. जळाला. झिजला. सैल.

हे घेऊन आम्ही काय करू, असे गिऱ्हाइके विचारत. "तुमचं आहे," एवढेच उत्तर मिळे. कोणी कोणी ती पुडी पायरी उतरताच भिरकावून देई. मग पुडीवाले उठून बाहेर जात, ती उचलून आणत आणि मागच्या कपाटात ठेवून देत. न जाणो, माणूस परत आला तर.

शेजारच्या सलूनवाल्याला ही थट्टेची अक्षय खाण सापडली होती. उद्यापासून मीही गिऱ्हाइकाचे केस पुडीत बांधून देतो, वर तारीख घालतो आणि लिहितो 'पिकला', असे तो दर दोन-चार दिवसांनी म्हणे, आणि दर वेळी नव्याने हसे. पुडीवाल्यांच्या पत्नीची थट्टा जरा बोचरी होती. तिची दाढ काढली तेव्हा ह्यांनी दवाखान्यातून ती दाढ मागून आणली होती. "मी गेले म्हणजे मला तरी पुडीत बांधू नका," असे ती म्हणाली होती. तिला जाऊन नऊ वर्षे झाली होती. दाढेची पुडी अजून कपाटात होती.

या सवयीचे मूळ काय, हे एकट्या तिलाच ठाऊक होते.

पुडीवाले तेव्हा सव्वीस वर्षांचे होते आणि आपल्या हाताविषयी त्यांना गर्व होता. एका सुताराने टेपरेकॉर्डर आणून दिला. यंत्राने फीत खाल्ली होती. ती आत गुंतून, चुरगळून, चाकांभोवती आवळून बसली होती. ह्यांनी खराब झालेला हातभर तुकडा कात्रीने कापला, उरलेली दोन टोके सफाईने चिकटवली, यंत्र साफ केले. फीत नव्यासारखी वाजू लागली. चौथ्या दिवशी सुतार आला आणि ऐकत उभा राहिला. फितीवर त्याच्या वडिलांचा आवाज होता. ते दूरदेशी कामाला असत आणि पत्राऐवजी बोलणे भरून पाठवत. ही त्यांची शेवटची फीत. ते गेल्यावर वर्षभर सुताराला ती ऐकण्याचा धीर झाला नव्हता; आणि धीर करून लावली त्याच दिवशी यंत्राने ती खाल्ली. आवाजाने घरच्यांची विचारपूस केली, तिकडच्या थंडीची तक्रार केली, मग तो किंचित थांबला. "आणि तुला एक सांगायचं राहिलं," असे म्हणाला. त्यानंतर टक् असा बारीक आवाज झाला, आणि पुढे छपराच्या गळतीविषयी बोलणे सुरू झाले.

सुताराने फीत मागे नेऊन पुन्हा ऐकली. मग तिसऱ्यांदा ऐकली. मधला तुकडा कुठे आहे, असे त्याने अगदी शांतपणे विचारले.

कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती. दोघे धावत गावाबाहेरच्या ढिगाऱ्यावर गेले आणि अंधारून येईपर्यंत उकिडवे बसून घाण उपसत राहिले. सुताराने शिवी दिली असती तर बरे झाले असते. त्याने हात झटकले, "जाऊ द्या," म्हटले, आणि टेपरेकॉर्डर उचलून तो चालता झाला. पुन्हा कधी तो त्या रस्त्याला दिसला नाही.

त्या दिवसापासून ते न ऐकलेले वाक्य पुडीवाल्यांच्या मागे लागले. पंख्याची घरघर असो, ट्रान्सफॉर्मरचे गुणगुणणे असो, त्या अखंड नादाच्या तळाशी एक वृद्ध, थकलेला आवाज किंचित थांबे आणि म्हणे, आणि तुला एक सांगायचं राहिलं. मग टक्. त्या टक्च्या जागी काय असेल, याचा शोध पुडीवाल्यांनी मनोमन किती प्रकारे घेतला असेल याची गणना नाही. एखादी क्षमायाचना असेल. मरणोन्मुख पित्याचा आशीर्वाद असेल. आजन्म लपवलेले एखादे पातक असेल. एकही वाक्य त्या जागेत नीट बसत नसे. जे आपले नव्हते ते आपण कापून टाकले, आणि ज्याचे होते त्याच्याऐवजी ते आपल्याकडे राहायला आले, असे ते पत्नीला एकदा म्हणाले होते. तिने फक्त घरातल्या जुन्या कागदांचे चौकोन कापून द्यायला सुरुवात केली.

अशी चव्वेचाळीस वर्षे गेल्यावर एका दुपारी एक परिचारिका दुकानात आली. पन्नाशीची, इस्पितळातून थेट आलेली. पांढरे बूट, खिशाला अडकवलेले घड्याळ, चेहऱ्यावर रात्रपाळीचा शीण. तिने पिशवीतून एक करड्या रंगाची पेटी काढून टेबलावरच्या हिरव्या कापडावर ठेवली. टीव्हीला जोडून खेळ खेळायचे जुने यंत्र. पुढची झडप उचलायची, तळहाताएवढी चपटी कॅसेट आत सारून खाली दाबायची, की पडद्यावर खेळ दिसू लागे. सोबत पाच कॅसेटी होत्या. हल्ली लाल दिवा नुसता लुकलुकतो आणि पडदा राखेसारखा होतो, असे तिने सांगितले. पूर्वी चार-पाच खटपटींत तरी लागायचे. दोन महिने झाले, काही केल्या लागत नाही.

"फुंकर मारून पाहिली असेल," पुडीवाले म्हणाले.

"मारली की. तसंच करतात ना?"

"सगळे तसंच करतात. आणि फुंकरेनंच ते बिघडतं, ताई. श्वासात ओल असते. पिनांवर गंज धरतो. लागतं ते फुंकरेनं नाही, काढून पुन्हा बसवल्यानं."

तिने एक कॅसेट उचलून हातात धरली. फुंकर दादा मारायचा, असे तिने मग सांगितले. शेवटच्या महिन्यांत त्याला तेवढाही दम उरला नव्हता; तेव्हा तो नुसता कॅसेट तिच्यापुढे धरायचा.

पुडीवाले पेटी हातात फिरवून पाहत होते. उजवी बाजू खरखरीत होती. डाव्या बाजूवर मात्र एका जागी प्लास्टिक गुळगुळीत होऊन चमकत होते, आणि खाली बारीक खोलगट चीर गेली होती.

"दादा डावखुरे होते," ते म्हणाले.

तिने टेबलावरचा हात मागे घेतला. "तुम्ही ओळखत होता त्याला?"

"नाही. हे सांगतंय."

मग तिने जे सांगितले ते यंत्राविषयी नव्हते. भाऊ गेल्याला एकतीस वर्षे झाली होती. आई आता ऐंशीच्या पुढे गेली होती, आणि गेल्या वर्षापासून तिच्या स्मरणाचे थर एकामागून एक गळून पडू लागले होते. आधी शेजारीपाजारी गेले, मग सुना-जावयांची नावे गेली, मग नवऱ्याचा मृत्यू गेला, आणि सरतेशेवटी मुलाचाही मृत्यू गेला. आता तिच्या लेखी तो आतल्या खोलीत होता. रोज दुपारी ती ताट वाढून बसे आणि कान लावी. आतून आवाज आला म्हणजे मुलगा घरात आहे, आणि मुलगा घरात आहे म्हणजे आपण जेवायचे. जोवर यंत्र कसेबसे लागत होते, तोवर लेकीने कामाची पाळी सांभाळून रोज दुपारी ते लावले. ते बंद पडल्यापासून म्हातारी ताटासमोर बसून राहत होती. मोबाइलवर तेच संगीत वाजवून पाहिले. तिने ढुंकून पाहिले नाही. दोन महिन्यांत अंगावरचे कपडे सैल झाले होते.

"जेवत नाही हो ती," परिचारिका म्हणाली. इस्पितळात शेकडो घरच्यांची असली वाक्ये तिने ऐकली असतील.

पुडीवाल्यांनी त्या कामाला आठ दिवस घेतले. कॅसेट ज्या खाचेत बसते तिथली बहात्तर पिनांची पट्टी पार सैल पडली होती. तशीच नवी पट्टी खटपटीने मिळवली आणि बसवली. कॅसेटी उघडून त्यांच्या पितळी कडा स्पिरिटच्या कापसाने पुसल्या. कापूस हिरवट काळा होऊन निघाला. एका कडेवर कापसाचा तंतू अडकला तेव्हा त्यांचे ओठ नकळत फुंकर मारण्यासाठी जुळले, आणि तसेच थांबले. हा जो हिरवा थर आपण पुसतो आहोत तो कुणाचा तरी श्वास आहे. एकाचा संपत आलेला आणि दुसरीचा त्याच्याऐवजी दिलेला. दुकानात भर दुपार होती, बाहेर रस्ता वाहत होता. तरी आपल्या खांद्यावरून वाकून कुणी पाहत आहे असे त्यांना वाटले. मागे वळून न पाहता त्यांनी तो तंतू चिमट्याने उचलला. कापसाचे सारे बोळे मोजून पुडीत ठेवले, जुनी पट्टी ठेवली, वर लिहिले: सैल. श्वासाचा मळ.

यंत्र पहिल्याच दाबाला सुरू झाले. त्याच्या अवखळ, खणखणीत सुरांनी दुकान भरून गेले. सलूनवाला हातातल्या कंगव्यासकट डोकावला. "काका, या वयात?" म्हणाला, आणि दाढीचा साबण लावलेले गिऱ्हाईक तसेच सोडून पाच मिनिटे बघत उभा राहिला. परिचारिकेने डोळे पुसत यंत्र नेले. पुडीही नेली.

तिसऱ्या दिवशी ती रिकाम्या हातांनी परत आली.

चालत नाही का, असे पुडीवाल्यांनी विचारले.

"चालतं. पहिल्या झटक्यात चालतं." ती स्टुलावर बसली. "आई म्हणते, आत कुणी परका मुलगा शिरलाय."

सूर ऐकताच म्हातारीने हातातला घास खाली ठेवला होता. तिने उठून आतल्या खोलीला बाहेरून कडी घातली होती, दाराला खुर्ची लावली होती, आणि त्या खुर्चीवर ती दोन दिवस बसून होती. आपल्या मुलाच्या खोलीत बसलेल्या त्या अनोळखी पोराला कुणीतरी त्याच्या घरी पोहोचवावे, असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कुजबुजत सांगत होती. पूर्वी ती नुसती जेवत नव्हती. आता ती भीत होती.

पुडीवाल्यांनी हातातले काम बाजूला सारले. मग त्यांनी तिला, दादा यंत्र लावत असताना बाहेर काय काय ऐकू यायचे, ते क्रमाने सांगायला सांगितले. तिने डोळे मिटले. झडप उघडल्याचा आवाज. कॅसेट दाबल्याची खट्. मग काहीच नाही. पुन्हा खट्, मग फुंकर, लांब, डावीकडून उजवीकडे. पुन्हा खट्. पुन्हा काही नाही. दादाचे पुटपुटणे. मग पेटीवर थाप. आणि मग सूर.

आई जे ऐकत होती ते संगीत नव्हतेच. ती ऐकत होती ती सारी खटपट. मुलगा घरात असल्याची खूण त्या न लागण्यात होती, आणि ते न लागणेच पुडीवाल्यांनी मोठ्या निगुतीने काढून टाकले होते. टेबलावरच्या पंख्याच्या घरघरीत तो आवाज आला, किंचित थांबला. टक्. पुन्हा एकदा आपण दोन्ही टोके सफाईने चिकटवून दिली, हे त्यांना कळले.

"ती पुडी," ते म्हणाले. "टाकली का?"

तिने पर्स उघडली. आत हात घालून ती चाचपत राहिली. किल्ल्या, रुमाल, औषधाची चिठ्ठी, आणि अगदी तळाशी, दबून चपटी झालेली पुडी. "टाकायची राहून गेली," ती म्हणाली.

त्या दिवशी पुडीवाल्यांनी भर दुपारी दुकान बंद केले. कोण गेले, असे सलूनवाल्याने दबक्या आवाजात विचारले. कुणी गेले नाही, असे त्यांनी सांगितले.

घर तिसऱ्या मजल्यावर होते. अरुंद बोळ, एका बाजूला चपलांचा स्टँड, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर, तिथे झाकून ठेवलेले एक ताट. टोकाशी बंद दार, दाराला लावलेली खुर्ची, आणि खुर्चीवर काठीसारखी कृश, ताठ बसलेली म्हातारी. तिने पुडीवाल्यांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर पाहिला.

"त्या मुलाला न्यायला आलात?"

परिचारिका काही बोलणार होती. पुडीवाल्यांनी तिला नजरेने थांबवले.

"हो आई. नेतो त्याला."

म्हातारीने खुर्ची बाजूला केली. खोलीत एक पलंग, घडी घातलेले पांघरूण, भिंतीशी टीव्ही. पुडीवाले जमिनीवर बसले आणि त्यांनी पेटी उघडली. आयुष्यात त्यांनी असे काम केले नव्हते. चांगला भाग काढायचा आणि त्याच्या जागी वाईट बसवायचा, या क्रियेला त्यांचे हात तयार होईनात. दोनदा स्क्रू निसटून पलंगाखाली गेला. जुनी, सैल, गंजलेली पट्टी अखेर आपल्या जागी बसली. नवी पट्टी त्यांनी कागदात गुंडाळली. मग परिचारिकेकडे पाहून हळूच सांगितले, "थाप डाव्या हातानं, ताई."

ते खोलीबाहेर आले. म्हातारीने त्यांच्याकडे पाहिले, मग त्यांच्या मागे, कमरेइतक्या उंचीवर, कुणी तरी चालत यावे तिथे पाहिले, आणि ते अदृश्य पोर सुखरूप दाराबाहेर पडावे म्हणून अंग चोरून वाट दिली. "गेला?" तिने विचारले. पुडीवाल्यांनी दाराबाहेर पाहिले. "गेला," ते म्हणाले.

आतून झडपेचा आवाज आला. खट्. मग काही नाही.

म्हातारीची मान वर झाली.

पुन्हा खट्. फुंकर, लांब, डावीकडून उजवीकडे. खट्. काही नाही. ही शांतता लांबत गेली. जुनी पट्टी आता मुळीच दाद देणार नाही, आपण दोषही नीट परत करू शकलो नाही, असे पुडीवाल्यांच्या मनात आले. चपलांच्या स्टँडला धरून ते उभे राहिले. मग थाप वाजली. एक. आणि ते अवखळ, खणखणीत सूर बंद दाराआडून बोळात आले.

म्हातारीच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही उमटले नाही. उमटला तो रोजचा, घरगुती वैताग.

"किती वेळ खेळशील रे?" ती दाराकडे तोंड करून म्हणाली. "ताट वाढलंय. आधी जेवून घे."

परिचारिका बाहेर आली, त्या ताटावर बसली आणि खाली मान घालून जेवू लागली. म्हातारीने तिच्यासमोर आपले ताट वाढून घेतले. आत खेळाचे सूर एकटेच वाजत होते. पुडीवाले बोळात उभे राहून दोघींच्या जेवणाचा आवाज ऐकत होते. त्या हातभर तुकड्यात क्षमा, आशीर्वाद, पातक असले काही नसेलही. थंडीचे दिवस आहेत, वेळेवर जेवत जा, एवढेच असेल, असे त्यांना प्रथमच वाटले. वाटले एवढेच; खरे काय ते कळण्याचा मार्ग त्यांनी स्वतःच बंद केला होता. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, नव्या पट्टीच्या पुडीवर लिहिले, ती स्टँडवर ठेवली, आणि दार ओढून घेऊन ते जिना उतरले.

म्हातारी त्यानंतर अकरा महिने रोज दुपारी जेवली. पुडीवाले तिच्यामागून तीन वर्षांनी वारले. जिन्याखालच्या जागेत आता सलूनवाल्याची दुसरी खुर्ची आहे. मागचे कपाट मात्र त्याने हलवू दिलेले नाही. त्यात चारशे सतरा पुड्या आहेत आणि अधूनमधून कुणी तरी आपली पुडी विचारायला येते. ते यंत्र परिचारिकेच्या घरी, आतल्या खोलीत आहे. ते तिसऱ्या-चौथ्या खटपटीला लागते. टीव्हीखालच्या खणात ती नवी पट्टी कागदात बांधून ठेवली आहे. पुडीवर तारीख आहे, आणि पेन्सिलीने एक शब्द: निर्दोष.